फॉर्मातला कुटुंबाचा रकाना

कारखान्यात नवा माणूस लागला की टाइम ऑफिसात त्याच्यापुढे एक फॉर्म सरकवला जातो. नाव, आधार, बँकेचा खाते क्रमांक आणि खाली एक रकाना : कुटुंबातील व्यक्ती. पाळी सुरू व्हायला पाच मिनिटं उरलेली असतात, ठेकेदाराचा मुकादम मागे उभा असतो. माणूस घाईघाईनं आईचं नाव लिहितो, सही करतो आणि पळतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत टाइम ऑफिसची खुर्ची मी बरीच वर्षं सांभाळली. आज बोलायचंय ते या रकान्याबद्दल.

हा फॉर्म असतो कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे आपल्या ईएसआयचा. कायदा १९४८ चा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, महाराष्ट्रात ती १९५४ साली नागपुरात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, योजना मात्र चालूच आहे. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१ हजारांपर्यंत पगार असणारे तिच्यात येतात. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. सोळा हजार पगार असेल तर तुमचे १२० रुपये, मालकाचे ५२०.

आता यातली गोम ऐका. घरात एक माणूस असो की पाच, कपात तेवढीच. बायकोचं नाव घातल्यानं एक रुपयाही जास्त जात नाही. तरीही 'उगाच पगारातून कापतील' म्हणून नाव न घालणारे मी कितीतरी पाहिले!

एक प्रसंग सांगतो. विक्रमगडकडचा एक वारली तरुण आमच्याकडे ठेकेदाराच्या हाताखाली होता. बायको सात महिन्यांची गरोदर, अंगावर सूज, रक्तदाब वाढलेला. दवाखान्यात गेले तर कागदावर फक्त आई-वडील. ठेकेदाराला त्यानं दोनदा सांगितलं होतं. तो म्हणे, लग्नाचा दाखला आण. दाखला कुठून आणणार? आपल्या जिल्ह्यात कितीतरी आदिवासी जोडपी आधी संसार थाटतात. मांडव, जेवणावळ, धवलेरीची बिदागी यांचे पैसे साठले की मग लग्न लागतं. कधी कधी आईबापांच्या लग्नात त्यांचीच पोरं नाचतात. गावाच्या लेखी ते नवरा-बायकोच असतात, अडतं ते कागदापाशी. शेवटी त्यानं व्याजानं पैसे काढून खासगी दवाखाना गाठला. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली, कर्ज मात्र दोन वर्षं फिटत होतं. पुढे सामुदायिक विवाहात त्यांचं लग्न लागलं, नोंदणी झाली आणि आठवडाभरात नाव चढलं.

म्हणून लग्नाची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं ती नव्वद दिवसांत करायची असते. गावात ग्रामपंचायतीत, तीन साक्षीदार घेऊन. उशीर झाला तरी जादा शुल्क भरून होते. मांडवाच्या खर्चापुढे ते शुल्क काहीच नाही.

दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं नाव आणि फॉर्मावर हौसेनं लिहिलेलं सासरचं. मग संगणक म्हणतो, ही बाई वेगळी. लग्नानंतर बायकोनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. आधारवर आहे तेच लिहा. हौसेचं नाव घरात हाक मारायला ठेवा.

बोईसर, सरावली, पास्थळच्या चाळींतून उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार राहतात. त्यांना वाटतं, बायको तर गावाकडे, नाव घालून काय उपयोग? पण कामगाराचा दवाखाना एक आणि कुटुंबाचा दुसरा, असं नोंदवता येतं. घर जिथं, दवाखाना तिथला.

पगार २१ हजारांच्या वर गेला की लगेच दार बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहामाही कालखंड असतात. चालू कालखंड संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. नंतर भिस्त कंपनीच्या मेडिक्लेमवर. तिथली शिस्त वेगळी. नव्या नवरीचं नाव बहुधा लग्नानंतर ठरावीक दिवसांतच घेतात, अनेक ठिकाणी तीस. ते हुकले तर पॉलिसीच्या नूतनीकरणापर्यंत थांबा. मुदत किती, हे लग्नाची रजा मागतानाच विचारून घ्या.

आणि कारखान्यात राबणाऱ्या भगिनींनो, तुमच्या फॉर्मात नवऱ्याचं नाव चालतं. तो कमावता नसला पाहिजे अशी अट जोडीदाराला नाही. आई-वडिलांना मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. नव्या संहितेनं तर कामगार स्त्रीवर अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांनाही कुटुंबात धरलंय, त्याच उत्पन्नाच्या अटीवर. तेव्हा उद्या टाइम ऑफिसात जाताना घरातल्या सगळ्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स बरोबर घ्या, आणि नाव चढल्यावर त्याची छापील प्रत मागायला विसरू नका.