आपला डंका आपणच



गेल्या दिवाळीत आपल्या मंडळाच्या चकल्या घेऊन मी लोणावळ्याच्या बाजारात बसले होते. गिऱ्हाईक समोर आले की मी मान खाली घालून पुड्या सारख्या करीत बसे. आपल्या तोंडाने आपली स्तुती कशी करायची? निम्मा माल परत आला. तेलाचाही खर्च निघाला नाही.

माझा नातू कानठळ्या बसविणारे संगीत ऐकतो. त्याने मला घाटाखालच्या, मुंबईच्या साहिल मखीजांची हकीकत सांगितली. २००० साली त्यांनी 'डिमॉनिक रेझरेक्शन' हा रॉक वाद्यवृंद काढला. असले संगीत बाजारात आणायला कोण पुढे येणार? म्हणून ध्वनिमुद्रणाची संस्था त्यांनी स्वतःच काढली, जलसेही स्वतःच भरविले. आणि त्यांत इतरांच्या वृंदांनाही वाजवू दिले, याचे मला विशेष वाटले. २०१४ साली हा वृंद जर्मनीत वाकेनच्या मोठ्या मेळाव्यात वाजला. २०१७ साली त्यांनी दशावतारांवर दहा गाणी काढली. मी ऐकली. शब्द एकही कळला नाही. गर्जना मात्र नरसिंहाला शोभणारी! आणि हेच गृहस्थ यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवितात, बरे का.

नातू म्हणाला, "आजी, बोलणाऱ्याची मातीही खपते. तुमची तर भाजणी होती."

यंदा मी पाटी रंगवून ठेवली आहे. प्रवाशाच्या हातावर आधी चकली ठेवायची, मग बोलायचे. शेजारच्या बचतगटाचे पापडही मांडू. माझ्याबरोबर उभ्या कोण राहणार, त्यांनी आजच नावे द्यावीत.