धरणाऱ्या हाताचा पंच

मागच्या वेळी आपण पोळ्याच्या पट्ट्यांना रेक्झीन कसं कापायचं ते बोललो. आज त्या पट्ट्यांना भोकं पाडायचं बोलू.

भोक पाडण्यात बोलण्यासारखं काय, असं वाटेल. मलाही वाटायचं. तीन वर्षांपूर्वी पोळा आठ दिवसांवर आला होता आणि आमच्या गटाकडे घुंगरमाळांचे चाळीस पट्टे अपुरे होते. माझ्या डाव्या हातात चार बोटं लांबीचा उघडा लोखंडी पंच आणि उजव्या हातात घरातली हातोडी. दिवे गेलेले, चार्जिंगच्या बॅटरीवर काम चाललेलं. हातोडी घसरली ती सरळ अंगठ्यावर. पट्टे वेळेत गेले, पैसेही आले. पण अंगठ्याचं नख गेलं आणि दसऱ्यानंतर कापूस फुटला तेव्हा अंगठा बोंडाला लावता येईना. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हे तुम्हाला मी काय सांगू. पंच विकत घेताना वाचवलेले पैसे त्या एका हंगामात किती पटीनं गेले, याचा हिशेब मी घरात कुणाला सांगितला नाही.

आता एक आठवा. पेरणीच्या आधी रस्त्याच्या कडेला घिसाडी लोहारांच्या गाड्या थांबतात, भाता चालू असतो. माणूस सांडशीत तापलेला फाळ धरतो आणि त्याची बायको डोक्यावरून घण आणते. लोखंड तोडायचं असेल तर छिन्नीला लांब दांडा असतो, धरणाऱ्याची बोटं घणापासून हातभर लांब. ती बाई चुकणार नाही याची त्याला खात्री असते, तरी तो बोटांनी छिन्नी धरत नाही. आणि आपण? छोटं काम, हलकी हातोडी म्हणून बोटांच्या चिमटीत पंच धरतो. हलक्या हातोडीनंही बोट चेचतंच.

दुकानात गेलं की भोक किती मिलिमीटरचं एवढंच आपण विचारतो. आपला हात कुठं राहणार, हे कुणी विचारत नाही. तर ते आधी बघा. पंच मुठीत धरा. मुठीच्या वर निदान दोन बोटं दांडा उरला पाहिजे आणि खाली पंचाचं तोंड दिसलं पाहिजे. पेन्सिलीसारखा बारीक दांडा असेल तर बोटं आवळून धरावी लागतात आणि शंभर भोकांत मनगट भरून येतं. फार जाड असेल तर मूठ मिटत नाही. धरल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याला जेमतेम टेकावं, तो आपला दांडा. दुकानातले दांडे बहुतेक पुरुषांच्या हाताच्या मापाचे असतात, म्हणून दोन-तीन काढून दाखवा म्हणायला लाजू नका.

मग दांड्याचा माथा बघा. प्लास्टिकची मूठ असेल तर आतलं पोलाद वरपर्यंत आलेलं आणि माथ्यावर उघडं दिसलं पाहिजे. नुसत्या प्लास्टिकवर हातोडी बसली तर मूठ चार दिवसांत तडकते. लाकडी मूठ असेल तर माथ्याला लोखंडी कडं हवं, मुसळाला असतं तसं. कडं नसेल तर लाकूड उभं फाटतं. काही पंचांना मुठीच्या वर रबराची जाड चकती असते, तिला गार्ड म्हणतात. हातोडी घसरली तर ती आधी चकतीवर पडते. मिळत असेल तर हाच घ्या.

नसेल मिळत तर घरी करा. जुन्या रबरी चपलेच्या तळाचा बशीएवढा गोल तुकडा कापा, मधे पंचापेक्षा थोडं लहान भोक पाडा आणि पंच त्यातून दाबून बसवा. खाली मुठीच्या जागी सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळा. आमच्या गटातले सगळे पंच आता असे चपला घातलेले आहेत. बाहेरची माणसं हसतात. हसू द्या.

एक दांडा आणि वर वेगवेगळ्या मापाची तोंडं फिरवून बसवायची, असाही सेट मिळतो. स्वस्त पडतो, जागा कमी लागते. पण ठोक्यांनी आटे सैल होतात. सैल तोंडावर ठोका बसला की आटेच झिजतात आणि मग तोंड वाकडं बसून भोक अंडाकृती पडतं. म्हणून दहा-वीस भोकांनी एकदा पिळून बघायचं. तुमचं काम एकाच मापाचं असेल तर सेटच्या नादी लागू नका, त्या मापाचा एक चांगला अखंड पंच घ्या. अक्षरांचे आणि आकड्यांचे पंच मात्र बोटभरच लांब असतात. त्यांना धरायला वेगळा होल्डर, म्हणजे दांड्याची पकड, मिळते ती घ्याच. आकड्यांच्या सेटमध्ये नऊच नग दिसले तर दुकानदारानं फसवलं म्हणून भांडू नका. सहाचा उलटा करून नऊ होतो.

आणि हे नीट ऐका. आपला जालना म्हणजे सळईचं गाव. सळईचे तुकडे भंगारात कुठंही मिळतात, म्हणून कुणीतरी सांगतं की याचाच पंच करून घ्या. करू नका. बांधकामाच्या सळईत कार्बन फार तर ०.३० टक्के असतो. तिला पंचासारखं पाणी चढत नाही, धार टिकत नाही, तोंड लगेच दबतं. गाडीच्या जुन्या कमानपाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो, तो लोहाराकडे न्या. आणि सांगा, दादा, पाणी फक्त तोंडाला द्या, डोक्याला नको. डोकं मऊच लागतं. ते कडक झालं तर हातोडी आणि पंच दोन्ही कडक, मग ठिकरी उडते.

मऊ डोकं ठोक्यांनी फुलतं, कडा बाहेर वळतात. फुललेल्या डोक्याचा पंच वापरू नका. ती वळलेली कड तुटून गोळीसारखी येते आणि डोळ्याचा नेम धरून आल्यासारखी येते. कानसीनं कडा उतरवून डोकं पुन्हा तिरकं करून घ्या. साधा पारदर्शक चष्मा लावा, आणि जवळ बसलेल्या लेकरांना उठवा. पोकळ पंचाला धार बाहेरच्या बाजूनं लावा. ग्राइंडरवर लावत असाल तर सारखा पाण्यात बुडवत रहा. पोलाद निळं पडलं की पाणी उतरलं समजा. पंचाच्या कडेला खिडकी असते, तिथून चकत्या काढत चला. आत ठासून भरल्या तर नळी फाटते.

हातोडीचं थोडक्यात. रेक्झीन आणि चामड्याला लोखंडी हातोडी लागतच नाही, लाकडी मोगरी पुरते आणि पंचाचं डोकंही फुलत नाही. खाली बाभळीचा ओंडका घ्या, पण त्याचं कापलेलं तोंड वर करून ठेवा, म्हणजे रेषा उभ्या राहतात आणि पंच रुतला तरी लाकूड चिरत नाही. फरशीवर किंवा ऐरणीवर पोकळ पंच कधी मारू नका, धार एका ठोक्यात जाते. भोक पडल्यावर पितळी आयलेट बसवायचे असतील तर मात्र ओंडका चालत नाही. त्यांना त्यांची लोखंडी बैठक आणि खाली टणक जागा लागते. म्हणजे दोन जागा करा, एकीकडे भोकं, दुसरीकडे आयलेट.

एका ताईंनी निरोप पाठवून विचारलंय की पकडीसारखा, फिरत्या तोंडाचा पंच येतो तो घ्यावा का. घ्या की. त्यात हातोडीच नाही, मग अंगठा चेचायचा प्रश्नच नाही. म्होरकीच्या अरुंद पट्ट्याला तो छान आहे. पण त्याचं तोंड काठापासून दोन-तीन बोटंच आत पोचतं, आणि रेक्झीनची तिहेरी घडी दाबताना हात दुखतो. पिशवीच्या मधोमध भोक हवं असेल तर मुठीचाच पंच लागणार. गटात एक पकड आणि दोन मुठीचे पंच असले तर आठ-दहा जणींचं काम भागतं. पकड बचतीच्या पैशातून घेतली तर तिच्यावर गटाचं नाव घाला. आमची एक कुणाच्या तरी घरी गेली ती अजून आली नाही.