प्रार्थनेतून वगळलेला शब्द

आमचा कवींचा सगळा व्यवहार शब्दांशी. एक शब्द काढला किंवा बदलला, तर ओळीचा अर्थ कुठल्या कुठे जातो, हे आम्हाला रोजचंच. आजची गोष्टही एका शब्दाची आहे, पण तो कवितेतला नाही, प्रार्थनेतला आहे.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या दिवशी ज्यूंसाठी एक प्रार्थना शेकडो वर्षं म्हटली जात असे. तिच्यात ज्यूंना लॅटिनमध्ये ‘परफिदिस’ असं विशेषण होतं. मूळ अर्थ श्रद्धा नसलेले. पण युरोपच्या लोकभाषांत उतरता उतरता त्याचा ‘दगाबाज’ झाला. इतरांसाठीच्या प्रार्थनेला गुडघे टेकायचे, ज्यूंसाठी टेकायचे नाहीत, अशीही रीत होती. ती १९५५ मध्ये मोडली. हे ऐकून घरी परतणाऱ्या पोराला शेजारचा ज्यू दुकानदार कसा दिसत असेल, याची कल्पना करा.

१९५९ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी तो शब्द काढून टाकला. १९६३ च्या गुड फ्रायडेला कुणाच्या तरी तोंडून सवयीने जुनाच शब्द गेला. पोपनी उपासना थांबवली आणि प्रार्थना पुन्हा म्हणायला लावली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते वारले.

याच पोपना १३ जून १९६० रोजी ब्याऐंशी वर्षांचा एक फ्रेंच ज्यू गृहस्थ भेटायला आला. नाव ज्यूल इझाक. हा इतिहासकार, फ्रान्समधल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पाठ्यपुस्तकांवर इतिहास शिकल्या. पुढे तो शिक्षण खात्यात वरिष्ठ निरीक्षक झाला आणि १९४० मध्ये ज्यू म्हणून त्याला घरी बसवलं गेलं. १९४३ मध्ये नाझी पोलिसांनी त्याच्या घरच्या माणसांना पकडलं. तो त्या वेळी बाहेर होता म्हणून वाचला. पत्नी आणि मुलगी आउशवित्सला संपल्या. हाती घेतलेलं काम पुरं करा, एवढा निरोप पत्नीने जाता जाता पोचवला होता.

ते काम काय होतं? येशूच्या शुभवर्तमानांत प्रत्यक्ष काय आहे आणि चर्चच्या प्रवचनांत, शाळेच्या पुस्तकांत ज्यूंविषयी काय सांगितलं जातं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहणं. त्याचं पुस्तक १९४८ मध्ये निघालं. ज्यूंविषयीचा तिरस्कार आपोआप उगवत नाही, तो शिकवला जातो, असं त्याचं म्हणणं. पाठ्यपुस्तकं लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, म्हणून मला ते वजनदार वाटतं. त्याने पोपच्या हाती कागदांचं बाड दिलं. पोपनी ते काम कार्डिनल बेआ या जर्मन जेझुइट विद्वानाकडे सोपवलं.

तिकडे अमेरिकेत सिस्टर रोझ थेरिंग ही डॉमिनिकन जोगीण कॅथलिक शाळांची पुस्तकं तपासत बसली होती. १९६१ मध्ये तिचा प्रबंध पुरा झाला. येशूला ज्यूंनी मारलं आणि म्हणून ते शापित, अशा अर्थाची वाक्यं तिला मुलांच्या पुस्तकांत सापडली. हे दाखवणारी व्यक्ती चर्चच्या आतलीच होती, हे महत्त्वाचं. बाहेरच्याने दाखवलं असतं तर ‘आमच्या धर्मात ढवळाढवळ’ म्हणून विषय संपला असता. आपल्याकडेही तसंच होतं.

हा सगळा प्रकार फक्त युरोपचा, असं समजू नका. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, ते आधी ज्यू वंशाच्या ‘नव्या ख्रिस्त्यां’च्या मागे लागलं. आपल्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य गार्सिया द ओर्ता असाच. वनौषधींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. तो वारला आणि दुसऱ्याच वर्षी, १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारिना हिला जाळण्यात आलं. १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आणि तिथून फार लांब नाही, अशा आपल्या कोकणात बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत आणि बाकी कुणाचं काही बिघडत नसे.

अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचं निवेदन जाहीर केलं. बाजूने २२२१ मतं, विरुद्ध ८८. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर लादता येणार नाही, आजच्या ज्यूंवर तर नाहीच, असं त्यात आहे. मसुद्यातले काही कडक शब्द शेवटी गाळले गेले. ज्यूद्वेषाचा ‘निषेध’ जाऊन ‘खेद’ आला. इझाक हे पाहायला नव्हता, तो १९६३ मध्येच गेला. त्याच निवेदनात मुसलमानांविषयी आदराने लिहिलेला परिच्छेद आहे. मी मुसलमान, साहजिकच माझी नजर आधी तिकडे गेली. मग मनात आलं, आमच्याकडे काही वाझमध्ये ‘यहुदी’ हा शब्द शिवीसारखा येतो, आणि ऐकणाऱ्याने जन्मात यहुदी पाहिलेला नसतो. आमची पुस्तकं कोण तपासणार?

नुसत्या निवेदनाने शाळा बदलत नाहीत. १९८५ मध्ये व्हॅटिकनने शिक्षकांसाठी आणि धर्मोपदेशकांसाठी सविस्तर टिपणं काढली: येशू ज्यू होता आणि ज्यूच राहिला, परूश्यांना सरसकट ढोंगी रंगवू नका, ज्यू धर्म हा धड्यातला कोपरा नव्हे. १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. टायबर नदीपलीकडचं ते अंतर फार नाही. पुढे २००८ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी जुन्या पद्धतीच्या उपासनेसाठी गुड फ्रायडेची प्रार्थना नव्याने लिहिली, तिच्यात ज्यूंची अंतःकरणं उजळावीत अशी याचना आली आणि पुन्हा मनं दुखावली. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाच्या युद्धाने तर बोलणंच अवघड झालं. त्या नोव्हेंबरात ज्यू अभ्यासकांनी आणि रब्बींनी पोप फ्रान्सिस यांना उघड पत्र लिहिलं. २ फेब्रुवारी २०२४ रोजी फ्रान्सिस यांनी इस्राएलमधल्या ज्यू बंधुभगिनींना उत्तर लिहिलं. ज्यूंचा द्वेष हे देवाविरुद्धचं पाप आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. गाझाबद्दलचं त्यांचं बोलणं अनेक रब्बींना तरीही पटलं नाही, आणि तेही त्यांनी त्यांना उघडपणे सांगितलं.