एका ताटातला घास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशात काय काय खाल्ले ते सांगा, असा मला चिटणीसबाईंचा हुकूम आहे. माझा परदेश म्हणजे एकच. २०१८ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरीस मी लेकीच्या बाळंतपणासाठी इथिओपियाला, अदिस अबाबा शहरी गेले. जावई तिथे विद्यापीठात शिकवतात. आपल्याकडची शिक्षकमंडळी सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून त्या देशात जात आली आहेत, हे मला तिथे गेल्यावर कळले. त्याआधी मला एवढेच ठाऊक होते की तिथे दुष्काळ पडतो. असो.

माझ्या ट्रंकेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोप, सुंठ आणि दोन शिट्ट्यांसकट कुकर. कुकर नेला हे बरेच झाले. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंच, आपल्या महाबळेश्वरच्या दीडपटीहून अधिक. तिथे पाणी लवकर उकळते पण पुरेसे तापत नाही, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ काही केल्या शिजत नाही.

पण बाळाने माझी वाट पाहिली नाही. मी पोहोचले तेव्हा नातीला आठ दिवस झाले होते, आणि लेकीच्या उशाशी शेजारची बाई वाडगा घेऊन बसलेली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. सगळी गल्ली तिला ‘एमामा’ म्हणत असे. वडीलधाऱ्या बाईला तिकडे तसेच म्हणतात. वाडग्यात ‘गेन्फो’ होते. भाजलेल्या सातूच्या पिठाची घट्ट उकड, मधोमध आळे केलेले, त्यात मसाल्याचे तूप आणि लाल तिखट. तिकडे बाळंतिणीला हेच देतात. बाळंतिणीला तिखट! माझ्या कपाळाला आठी पडली ती पडलीच. दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला, आणि एमामाचा वाडगा आला की तो झाकून ओट्यावर ठेवू लागले. हे सांगायला मला आज लाज वाटते, पण सांगते.

पंधरवड्याने तिने आम्हाला जेवायला बोलावले. सात वाजता, म्हणाली. आम्ही संध्याकाळच्या हिशेबाने निवांत. तर भर दुपारी एक वाजून गेल्यावर ती दारात हजर, का आला नाहीत म्हणून. त्यांचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपली दुपारची एकची वेळ ती त्यांची सातची. लेक दोन वर्षे तिथे राहूनही फसली. साल विचाराल तर त्यांच्या कॅलेंडरवर तेव्हा २०१० चालू होते.

आता जेवणाचे सांगते. ‘टेफ’ म्हणून एक धान्य आहे, दाणा जेमतेम खसखशीएवढा. त्याचे पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात. मागच्या पिठावर सुटलेले पिवळसर पाणी विरजणासारखे राखून ठेवतात, ते नव्या पिठात घालतात. मग मोठ्या थोरल्या तव्यावर बाहेरून आत गोल गोल धार धरायची, वर झाकण, एकच बाजू भाजायची. ही ‘इंजेरा’. जाळी अशी सुरेख पडते की आपली आंबोळी पाहून खाली मान घालील. मात्र चव पहिल्या घासाला फार आंबूस लागते, आणि थंडगार. मला वाटले, शिळीच वाढली. तिसऱ्या दिवशी आवडू लागली, हे खरे.

इंजेरा हेच ताट, हीच पोळी आणि हाच चमचा. एका मोठ्या परातीत ती पसरतात, वर कालवणांचे ढीग मांडतात. त्यांचा ईस्टरपूर्वीचा मोठा उपास चालू होता. तो पंचावन्न दिवसांचा असतो; मांस, अंडी, दूध, तूप सगळे वर्ज्य. एरवीही बुधवार-शुक्रवार पाळणारे पुष्कळ. आपल्या उपासाला दूध चालते आणि धान्य चालत नाही, त्यांचे नेमके उलटे! मी शाकाहारी, मला काळजीच नको. ‘त्सोम’, म्हणजे उपासाचे, एवढा एक शब्द म्हटला की काम होते. मसुरीची लाल आमटी, हळद घातलेले वाटाण्याच्या डाळीचे वरण, कोबी-बटाट्याची भाजी, पाला, आणि ‘शिरो’. मैत्रिणींनो, शिरो म्हणजे पिठले हो! हरभरे भाजून मसाल्यासकट दळायचे, भरपूर कांदा परतून त्यात शिजवायचे. हजारो मैलांवर पिठले पाहून डोळ्यांत पाणी यायचेच बाकी राहिले होते. (मैल मी मोजलेले नाहीत. विमान सहा तासांच्या आतच पोहोचते.)

पण सगळ्यांनी जेवायचे त्याच एका परातीत. माझे माहेर सोवळ्याचे. उष्ट्या हाताने मीठसुद्धा घ्यायचे नाही, हे आजीने पाठीत धपाटे घालून शिकवलेले. मी कडेकडेने माझ्यापुरते चिमटीत घेत होते. तोच एमामाने शिरोचा छान घास इंजेऱ्यात गुंडाळला आणि माझ्या तोंडाशी धरला. त्याला ‘गुरशा’ म्हणतात. पाहुण्याला आपल्या हाताने भरवायचे. मी तोंड फिरवले. पदर तोंडाला लावला.

तिने तो घास हळूच परातीत परत ठेवला. कोणी काही बोलले नाही. कॉफी झाली. तीही पाहण्यासारखी असते. समोर बिया भाजतात, धूर पाहुण्यांकडे नेतात, खलबत्त्यात कुटतात, मातीच्या काळ्या सुरईतून ओततात. सोबत चक्क मक्याच्या लाह्या. तीन फेऱ्या होतात, पण माझे लक्ष लागेना.

रात्री लेक म्हणाली, “आई, माझ्या हाताला सलाईन होते. हे धावपळीत. पहिले चार दिवस तिने मला भरवले. आणि तुला ठाऊक आहे का, त्या गेन्फोत जे तूप घालत होती ते तिला स्वतःला वर्ज्य. चव पाहायला बोटसुद्धा चाटले नाही तिने. मीठ बरोबर आहे का, ते मला विचारायची.”

मला रात्रभर झोप आली नाही. माझ्याही घरी नैवेद्याचा स्वयंपाक चव न पाहता होतो, पण तो देवासाठी.

सकाळी मी झाकलेला वाडगा गरम करून लेकीला दिला. दुपारी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन एमामाच्या घरी गेले. ती जेवायला बसत होती. मला पाहताच म्हणाली, “एन्ब्ला.” म्हणजे आपले “या जेवायला.” मी परातीजवळ बसले आणि, मला भाषा येत नव्हती, म्हणून नुसते तोंड उघडले. ती इतकी हसली की तिच्या हातातला घास सांडला. मग एकावर थांबली नाही. डोळे मिटून मी तीन घेतले. पहिला कठीण गेला, खोटे कशाला बोलू?

लाडवात तूप, म्हणून तिने डबा फळीवर ठेवून दिला. ८ एप्रिलला त्यांचा ‘फासिका’, म्हणजे ईस्टर. रात्रीची प्रार्थना आटोपून पहाटे ती पांढऱ्या वस्त्रात आमच्याकडे आली, हातात तोच डबा. उपास सोडायचा होता. या खेपेला घास मी भरवला, अर्धा लाडू. तिने नीट चावून चावून खाल्ला, आणि लेकीला काहीतरी सांगितले. लेक हसू लागली.

मी विचारले, “काय म्हणाल्या?”

“म्हणतात, चांगला आहे, पण तुझी आई यात तिखट घालायला विसरली.”