गाडीवरचा चार्जर

२२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. वीज गेली आणि वाडीतले फोन एकेक करून बंद पडले. उंचावर एक टेम्पो उभा होता. त्याच्या बॅटरीवर फोन लावले, तर चार्जरच वितळला! मुंबईतली माणसं आमच्या फोनची वाट बघत बसली.

मग आमच्या गटानं चार्जर बनवायला शिकून घेतलं. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असलं की १४ च्या आसपास. फोनला हवेत ५. ७८०५ नावाची तीन पायांची चिप उरलेले व्होल्ट उष्णता करून फेकते, म्हणून तापते. आम्ही बक कन्व्हर्टरची छोटी पट्टी घेतो आणि बॅटरीजवळ लाल वायरीला फ्यूज लावतो.

मीटरवर ५ दिसले की खूश होऊ नका. आम्ही तिथेच फसलो होतो. ५ ओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर जोडा, म्हणजे १ अँपियर वाहील. त्याला हात लावू नका, चटका बसतो. पंधरा मिनिटांनीही मीटर ४.७५ ते ५.२५ मध्येच हवा. टॅबसाठी असे दोन रेझिस्टर शेजारी-शेजारी जोडून बघा. हे सगळं इंजिन चालू ठेवूनही एकदा करा.

आमचा पहिला चार्जर टेम्पोतच ठेवलाय. दुसरा पोलादपूरच्या जीपवाल्या भाऊंनी मागून नेला.