शेरा लिहिला, पण कुणाला दिसला नाही

इंदापूर तालुक्यातले कळस हे माझे गाव. मी पुण्यात संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. गेल्या वर्षी सुट्टीत घरी गेलो, तेव्हा चुलत्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, दुधाच्या पावत्यांची चळत माझ्यापुढे टाकली. "यंत्रावर फॅट चार-एक दावतंय आन् पावतीवर चारच येतंय. ह्यो एक पॉइंट कुटं जातोय रं?" फॅटच्या एकेका पॉइंटवर दुधाचा दर बदलतो. मला घाम फुटला, कारण त्या संकलन केंद्राची हिशेबाची आज्ञावली आमच्याच गटाने केलेली होती.

काही अपूर्णांक संगणकाला अचूक साठवता येत नाहीत. ४.१ ला १०० ने गुणले की आपल्याला ४१० मिळतात, त्याला ४०९.९९ आणि पुढे आणखी बरेच नऊ मिळतात. अपूर्णांक कापला की उरले ४०९, आणि दरपत्रकात ते पडले ४.० च्या रकान्यात. ३.८ ला हा त्रास नाही. म्हणूनच चूक पटकन कुणाच्या ध्यानात आली नाही.

पण एकाच्या ध्यानात आली होती. आज्ञावलीतला कोणताही बदल पक्का करण्याआधी दुसऱ्याने तो वाचून ओळीशेजारी शेरे लिहायचे, अशी आमच्या धंद्यात रीत आहे. हा बदल वाचणारा माणूस नव्हता, कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट होता. एजंट म्हटले की आपल्याला विमा आठवतो. हा मात्र नेमून दिलेले काम स्वतः पायऱ्या ठरवून करतो. त्याला हात नसतात, म्हणून आपण त्याला साधने देतो : शेरा लिहिण्याचे एक, फाइल वाचण्याचे दुसरे. प्रत्येक साधनाला नाव, थोडक्यात वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची त्याची यादी. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्येही मांडणी हीच आहे. साधनाच्या पोटात काय चालते ते एजंटला सहसा दिसत नाही. त्याचा आधार म्हणजे ते वर्णन.

आमच्या साधनाचे वर्णन मी लिहिले होते : 'परीक्षणात शेरा जोडतो.' बस्स, तीन शब्द. आता गिटहबसारख्या ठिकाणी परीक्षण सुरू करून लिहिलेले शेरे आधी कच्चे राहतात. संपूर्ण परीक्षण सादर होईपर्यंत ते लिहिणाऱ्याशिवाय कुणाला दिसत नाहीत. माणसाला पडद्यावर सादर करण्याचे बटण दिसते, एजंटला कसले बटण? त्याने ४०९ ची चूक नेमकी पकडून शेरा लिहिला, साधनाने 'यशस्वी' असे उत्तर दिले, आणि तो पुढच्या कामाला लागला. सहकाऱ्याने पान उघडले, शेरा नाही असे पाहून बदल मंजूर केला.

गटात काहींनी एजंटला दोष दिला. मला ते पटले नाही. नव्या गड्याला 'पाणी सोड' एवढेच सांगायचे आणि चुकीच्या वावरात पाणी गेले की त्याच्यावर खेकसायचे, त्यातलाच हा प्रकार.

मग वर्णन नव्याने लिहिले. 'बदललेल्या एका ओळीशेजारी कच्चा शेरा लिहितो. परीक्षण आधी सुरू केलेले असावे. "परीक्षण सादर करा" हे साधन वापरेपर्यंत शेरा इतरांना दिसत नाही. संपूर्ण बदलाविषयी बोलायचे असेल तर हे साधन वापरू नये.' ओळ क्रमांकाचाही घोळ होता. काढून टाकलेल्या ओळी डाव्या बाजूला, नव्या उजव्या; क्रमांक कोणत्या बाजूचा, हे आम्ही सांगितलेच नव्हते. गिटहबने स्वतः खुल्या केलेल्या साधनसंचातही सर्वसाधारण शेऱ्याच्या साधनावर असेच बजावले आहे, की परीक्षणाचा शेरा हवा असेल तर हे वापरू नका. ते वाचून मला जरा हायसे वाटले.

उत्साहाच्या भरात मी पुढे पानभर वर्णने लिहिली, तीही चुकली. सगळ्या साधनांची वर्णने एजंटपुढे एकदम ठेवली जातात, आणि त्या गर्दीत कामाचे वाक्य हरवते. उदाहरणे काढली, 'वापरू नये' ठेवले. अधिक गुण आला तो साधनाच्या उत्तरात. 'यशस्वी'ऐवजी आता ते म्हणते, 'कच्चा शेरा जतन झाला. परीक्षण अजून सादर झालेले नाही.' आणि एजंटचे परीक्षण सादर झाल्याशिवाय बदल मंजूरच होणार नाही, अशी अडसरही घातली. हे खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

जुने हिशेब पुन्हा काढले, तेव्हा ४.१ बरोबर ४.६ चाही एक पॉइंट गेलेला निघाला. ज्यांचे पैसे कमी पडले होते त्यांचा फरक पुढच्या पगारात जमा झाला. अण्णा मात्र अजून यंत्रावरचा आकडा पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहून आणतात.