केसीची बस

१९७५ सालचा ‘वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट’ हा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मीही आधी चित्रपटच पाहिला. केन केसीची मूळ कादंबरी फार उशिरा हाती आली. वाचताना चकित झालो. गोष्ट सांगतो तो जॅक निकल्सनने रंगवलेला खट्याळ मॅकमर्फी नव्हेच! ती सांगतो ब्रॉम्डेन, मुकाबहिरा असल्याचं सोंग घेऊन वेड्यांच्या इस्पितळात झाडू मारणारा धिप्पाड आदिवासी. चित्रपटात त्याचं निवेदन गेलं, याचा केसीला शेवटपर्यंत राग होता.

हा केसी अमेरिकेतल्या हिप्पी पिढीचा एक म्होरक्या मानला जातो. पण एलएसडी त्याला मिळालं कुठे? चक्क सरकारी रुग्णालयात! कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला माजी सैनिकांच्या रुग्णालयात पैसे देऊन माणसांवर असल्या औषधांचे प्रयोग चालत. स्टॅनफर्डला लेखन शिकणारा, अंगाने पहिलवान असलेला केसी तिथे स्वतःहून गेला. या प्रयोगांमागे सीआयएचा पैसा होता, हे जगाला कळलं १९७०च्या दशकात.

पुढे त्याच रुग्णालयातल्या मनोरुग्णांच्या वॉर्डात त्याने रात्रपाळीची नोकरी धरली. कादंबरीचं श्रेय त्याचे भक्त औषधाला देतात. मला ते पटत नाही. औषध हजारोंनी घेतलं; रात्र रात्र जागून रुग्णांचं बोलणं ऐकणारे किती होते? कादंबरी १९६२ मध्ये आली, दुसरी १९६४ मध्ये.

त्याच १९६४ च्या उन्हाळ्यात त्याने १९३९ सालची जुनी शाळेची बस घेतली, मित्रांनी ती हाताला लागतील त्या रंगांनी रंगवली आणि ही वरात कॅलिफोर्नियातून न्यूयॉर्कला निघाली. चालवायला नील कॅसडी, म्हणजे केरुअॅकच्या ‘ऑन द रोड’चा खराखुरा नायक. वाटेत तासन्‌तास चित्रीकरण केलं; त्यातून धड चित्रपट उभा राहिला तो थेट २०११ मध्ये, दुसऱ्यांच्या हातून. मग ‘अॅसिड टेस्ट’ नावाच्या रात्री सुरू झाल्या. ग्रेटफुल डेड हा वाद्यवृंद वाजवायचा आणि एलएसडी सर्रास वाटलं जायचं. ऑक्टोबर १९६६ पर्यंत कॅलिफोर्नियात त्यावर बंदीच नव्हती. केसी पकडला गेला तो गांजापायी. आत्महत्येचा बनाव करून मेक्सिकोला पळाला, परतला आणि तुरुंगात गेला.

सुटल्यावर तो ऑरेगॉनमध्ये शेतीवर राहिला. तिसरी मोठी कादंबरी यायला १९९२ उजाडलं. त्या बसने एक कादंबरीकार पळवला, असं मला राहून राहून वाटतं. त्याला स्वतःला मात्र ती बसच आपली सर्वांत चांगली कृती वाटे.

त्याचा मुलगा जेड वडिलांसारखाच विद्यापीठाच्या कुस्तीसंघात होता. १९८४ मध्ये संघ सामन्याला निघाला असता मागून आणलेली व्हॅन बर्फाळ रस्त्यावरून घसरली आणि २० वर्षांचा जेड गेला. त्यानंतर केसीने त्या संघाला चांगली बस घेता यावी म्हणून पैसे दिले.